चिंचोक्यांचा पट आणि फिरून येणारी नक्षी

आजचे भाषण ऐकताना जमले तर जवळ दहा-बारा चिंचोके घेऊन बसा. अंगणात किंवा ओट्यावर खडूने चौकोनी घरे आखा. आडवी आठ-दहा, उभी आठ-दहा. पाटी असेल तर पाटी चालेल आणि शिक्षक बंधुभगिनींना वर्गातली फरशी चालेल. रेडिओवर चित्र दाखवता येत नाही. तेव्हा नियम मी सांगायचा आणि चित्र तुम्ही मांडायचे, अशी आपण वाटणी करून घेऊ.

विषय आहे फिरून येणाऱ्या गोष्टींचा. फिरून येणे आपल्याला काही नवे नाही. सोमवारानंतर सात दिवसांनी पुन्हा सोमवार येतो. पंचांगातली संवत्सरे प्रभवापासून क्षयापर्यंत साठ आहेत; साठ झाली की पुन्हा प्रभव. पण ही चक्रे माणसाने आकाशाकडे पाहून ठरवली आणि सांभाळली. आज विचारायचा प्रश्न थोडा निराळा आहे. जिथे कोणी कोणाला 'परत ये' असे सांगितलेले नाही, जिथे प्रत्येक जण फक्त आपल्या शेजाऱ्यांकडे बघून वागतो, तिथेसुद्धा सबंध नक्षी फिरून पहिल्यासारखी होते. हे कसे होते, आणि का होते?

आपल्या खानदेशात कपाशी चौफुलीवर लावलेली तुम्ही पाहिली आहे. उभी ओळ, आडवी ओळ, जिथे फुली तिथे झाड. अशा शेतातल्या मधल्या कोणत्याही झाडापाशी उभे राहा आणि शेजारी मोजा. पुढे एक, मागे एक, डावीकडे एक, उजवीकडे एक, हे झाले चार. कोपऱ्यांवरचे चार निराळे. एकूण शेजारी आठ. आपल्या पटावरही प्रत्येक घराला असेच आठ शेजारी आहेत. घरात चिंचोका असेल तर ते घर भरलेले, नसेल तर रिकामे.

आता नियम ऐका. भरलेल्या घराला दोन किंवा तीन भरलेले शेजारी असतील, तर चिंचोका जागेवर राहतो. एक असेल किंवा एकही नसेल, तर तो एकटेपणाने जातो. चार किंवा जास्त असतील, तर गर्दीने जातो. रिकाम्या घराला बरोबर तीन भरलेले शेजारी असतील, तर तिथे नवा चिंचोका ठेवायचा. तीनाहून कमी चालणार नाहीत, जास्तही चालणार नाहीत. एवढाच नियम. तो सगळ्या पटाला एकदा लावला म्हणजे एक फेरी झाली. मग तोच नियम पुन्हा लावायचा.

तीन चिंचोके एका ओळीत, आडवे, शेजारी-शेजारी ठेवा. मधल्याला दोन शेजारी आहेत, तो राहिला. दोन्ही टोकांच्यांना एकेकच शेजारी, ते गेले. मधल्याच्या बरोबर वरच्या रिकाम्या घराकडे बघा. त्याला खालचे तीनही चिंचोके लागून आहेत, म्हणून तिथे नवा आला. तसाच खालीही आला. आडवी ओळ होती, ती उभी झाली. पुन्हा नियम लावा. उभी होती, ती आडवी झाली. दिवसभर नियम लावत बसलात तरी आडवी-उभी, आडवी-उभी हेच चालणार. या नक्षीला इंग्रजीत ब्लिंकर म्हणतात, आपण लुकलुक्या म्हणू. ठरावीक फेऱ्यांनी मूळ रूपावर येणारी नक्षी म्हणजे आंदोलक, आणि जितक्या फेऱ्यांनी ती येते तो तिचा आवर्तकाल. लुकलुक्याचा आवर्तकाल दोन.

इथे माझी स्वतःची एक फजिती सांगतो, कारण तिच्यात या विषयाची किल्ली आहे. धुळे जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या शाळेत मी हा खेळ दाखवायला गेलो होतो. फरशीवर घरे आखली, मुले भोवती गोल करून बसली. तीन चिंचोके मांडले आणि मोठ्या ऐटीत डावीकडून सुरुवात केली. डाव्याला एकच शेजारी, म्हणून तो उचलला. आता मधल्याकडे पाहतो तो त्याला उजवा एवढाच शेजारी उरलेला! तोही उचलावा लागला. उरलेला तर अगदीच एकटा. तिन्ही चिंचोके माझ्या मुठीत आणि पट रिकामा. एम. ए.ला गणित घेतलेला माणूस सातवीच्या वर्गासमोर तसाच उभा राहिला. तेवढ्यात पुढे बसलेली एक मुलगी अहिराणीत म्हणाली, "सर, बठ्ठा एकदमच हालतस ना? कवायतमा हालतस तसा."

तिचे अगदी बरोबर होते. कवायतीत शिटी वाजली की सगळे एकदम वळतात. पहिला वळला, त्याला बघून दुसरा, असे होत नाही. इथेही प्रत्येक घराचा निर्णय फेरी सुरू होतानाच्या चित्रावरून घ्यायचा आणि बदल सगळीकडे एकदम करायचा. मी एकेक उचलत गेलो, तेव्हा नियमाचे शब्द पाळले, पण नियम मोडला. मग आम्ही युक्ती केली. जो चिंचोका जाणार त्याच्यावर खडूची फुली, जिथे नवा येणार तिथे खडूचे शून्य. सगळा पट तपासून झाला की मगच उचलायचे आणि ठेवायचे, आणि खुणा पुसायच्या. शिक्षकांनी हा खेळ वर्गात घेतला तर हीच रीत ठेवावी. एक मूल फुल्या-शून्ये करील, दुसरे तपासील.

आता आणखी काही मांडण्या करून बघू. चार चिंचोके चौरसात, दोनावर दोन, ठेवा. प्रत्येकाला तीन शेजारी, म्हणून कोणी जात नाही. बाहेरच्या कोणत्याही घराला दोनाहून जास्त शेजारी मिळत नाहीत, म्हणून कोणी येत नाही. ही स्थिर नक्षी. आता असाच दुसरा चौरस पहिल्याच्या कोपऱ्याला कोपरा लावून तिरका ठेवा. जिथे कोपरे भिडतात तिथल्या दोन चिंचोक्यांना चार-चार शेजारी झाले, ते गर्दीने गेले. पुढच्या फेरीत त्या दोन रिकाम्या घरांना तीन-तीन शेजारी आहेत, म्हणून ते परत आले. पुन्हा गर्दी, पुन्हा गेले. दूरच्या बंदरावरचा दिवा लागावा-विझावा तशी ही नक्षी दिसते. हिचाही आवर्तकाल दोन.

कोणी म्हणेल, मग काय, सगळे सोपेच आहे. तर मुलांना हा प्रयोग द्या. मोठा पट घ्या, वीस बाय वीस घरांचा. एका सरळ ओळीत चार चिंचोके ठेवा. दोन फेऱ्यांत त्यांचे सहा चिंचोक्यांचे कडे होते आणि ते हलत नाही. पाच ठेवा; काही फेऱ्यांनी चार लुकलुके चार बाजूंना मिणमिणत राहतात. सहा ठेवा, बारा फेऱ्या खटपट होते आणि पट रिकामा होतो. सात ठेवा, शेवटी चार स्थिर कडी उरतात. आणि दहा ठेवा. तिथून असा आंदोलक तयार होतो की तो फुगतो, आवळतो, दुभंगल्यासारखा होतो आणि बरोबर पंधरा फेऱ्यांनी पूर्वरूपावर येतो. आता सांगा, पाचाचे हे, सहाचे ते आणि दहाचे असे होईल, हे कोणाला आधी ओळखता आले असते? नियम चौथीच्या मुलाला पाठ होईल एवढा सोपा. पण नियम माहीत असणे वेगळे आणि परिणाम माहीत असणे वेगळे. परिणाम समजण्यासाठी फेरीमागून फेरी करूनच पाहावे लागते.

हा पट मांडला इंग्लंडातले गणिती जॉन कॉन्वे यांनी. शेजाऱ्यांकडे पाहून बदलणाऱ्या घरांची मूळ कल्पना त्यापूर्वीची. १९४० नंतरच्या दशकात जॉन फॉन नॉयमन आणि स्टॅनिस्लॉ उलाम या दोघांनी ती बसवली आणि तिला सेल्युलर ऑटोमॅटन हे नाव पडले. पण फॉन नॉयमन यांच्या पटावर एका घराला २९ अवस्था होत्या. कॉन्वे यांनी भरलेले आणि रिकामे या दोनच ठेवल्या. केंब्रिजमध्ये सोंगट्या मांडून, कधी फरशीवर पसरून, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुष्कळ नियम घासून पाहिले आणि शेवटी हा निवडला. त्याला त्यांनी 'लाइफ' म्हणजे 'जीवन' असे नाव दिले. ऑक्टोबर १९७० मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातल्या आपल्या सदरात या खेळाची माहिती दिली आणि तो जगभर पसरला. कॉन्वे २०२० च्या एप्रिलमध्ये करोनाच्या साथीत वारले.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. नक्षी फिरून का येते?

लहान पट घ्या, तीन बाय तीन, नऊ घरांचा. त्याच्या बाहेर कायम रिकामे आहे असे धरा. प्रत्येक घर दोन प्रकारचे असू शकते, भरलेले किंवा रिकामे. म्हणजे एकूण चित्रे किती होतील? दोनाला दोनाने असे नऊ वेळा गुणत गेलो की ५१२. यापेक्षा निराळे चित्र या पटावर होऊच शकत नाही. आता फेऱ्या सुरू करा आणि प्रत्येक फेरीचे चित्र वहीत काढत जा. ५१३ वे चित्र काढाल तेव्हा ते नवे कुठून आणणार? ५१२ बाकांवर ५१३ मुले बसवायची, तर एका बाकावर दोन मुले बसणारच. तसे कुठले तरी चित्र दुसऱ्यांदा येणारच. एकदा जुने चित्र आले की मग सुटका नाही, कारण नियमाला आठवण नसते. तो फक्त समोरचे चित्र पाहतो. समोरचे चित्र तेच, तर पुढचेही तेच, त्याच्या पुढचेही तेच. चक्र सुरू झाले.

म्हणजे दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत. नियम ठाम हवा आणि शक्य अवस्था मोजक्या हव्यात. मग आज ना उद्या फिरून येणे अटळ आहे. मात्र 'उद्या' किती दूर ते सांगता येत नाही. बुद्धिबळाच्या पटाएवढी ६४ घरे घेतली तर चित्रांची संख्या दाण्यांच्या त्या जुन्या गोष्टीतल्यासारखी वाढत जाते आणि १ लाख ८४ हजार कोटी-कोटींच्या घरात पोचते.

या ठिकाणी मला आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या एका शिक्षकाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूचा. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते शिकले आणि १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी देवळालीला शाळेत शिकवले. पदव्युत्तर पदवी नव्हती. पण अंकांचा नाद असा की सुटता सुटेना. त्यांची सर्वांत प्रसिद्ध रीत अशी. चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, मोठीतून लहान वजा करा. उत्तर आले की पुन्हा तेच करा.

कापरेकरांचे जन्मवर्षच घेऊ, १९०५. ९५१० वजा ०१५९ बरोबर ९३५१. मग ९५३१ वजा १३५९ बरोबर ८१७२. पुढे ७४४३, मग ३९९६, मग ६२६४, मग ४१७६, आणि सातव्या वजाबाकीला ६१७४. आता ६१७४ ला तीच रीत लावा. ७६४१ वजा १४६७ बरोबर ६१७४. संख्या तिथेच थांबली. कोणत्याही संख्येपासून निघा, सात वजाबाक्यांच्या आत ६१७४ गाठली जाते. हा शोध त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला.

श्रोतेहो, ही ६१७४ म्हणजे आपल्या पटावरचा तो चार चिंचोक्यांचा चौरसच नाही का? नियम लावला तरी न हलणारा. मग अंकांमध्ये लुकलुके असतील का? आहेत. दोन अंकी संख्या घ्या. ७२ वजा २७ बरोबर ४५. ५४ वजा ४५ बरोबर ०९. ९० वजा ०९ बरोबर ८१. ८१ वजा १८ बरोबर ६३. ६३ वजा ३६ बरोबर २७. आणि ७२ वजा २७ बरोबर पुन्हा ४५! इथे थांबा नाही, पाच संख्यांचे चक्र आहे. पाच अंकी संख्यांत तर अगदी लुकलुक्यासारखी जोडी सापडते. ५३९५५ ला रीत लावली की ५९९९४ येते आणि ५९९९४ ला लावली की ५३९५५. घरी करून बघा. कारणही तेच आहे. वजाबाकीची रीत ठाम आहे आणि ठरावीक अंकांच्या संख्या मोजक्या आहेत. म्हणून संख्या एक तर थांबेल, नाही तर फिरत राहील. तिसरी वाट नाही.

कापरेकरांच्या या कामाकडे आपल्याकडे अनेकांनी करमणूक म्हणून पाहिले. 'यात गणित कसले' असेही म्हटले गेले. आणि योग असा, की ज्या मार्टिन गार्डनर यांनी कॉन्वे यांचा खेळ जगापुढे ठेवला, त्यांनीच मार्च १९७५ मध्ये त्याच सदरात देवळालीच्या या निवृत्त शिक्षकाविषयी लिहिले. केंब्रिजची फरशी आणि देवळालीची पाटी अशी एका सदरात आली. कापरेकर १९८६ साली वारले.

आता एक सावधगिरीची सूचना. फिरून येणे अटळ आहे असे मी म्हटले ते बंदिस्त पटापुरते. कॉन्वे यांचा खरा पट चारी बाजूंना अमर्याद आहे आणि तिथे अवस्था मोजक्या राहत नाहीत. तिथे पाच चिंचोक्यांची एक नक्षी चार फेऱ्यांनी मूळ आकारावर येते खरी, पण एक घर तिरकी सरकलेली असते. ती चालतच राहते. कॉन्वे यांना वाटत होते की कोणतीही नक्षी अमर्याद वाढू शकणार नाही. त्यांनी तसे सिद्ध किंवा असिद्ध करणाऱ्याला पन्नास डॉलरांचे बक्षीस लावले. १९७० सालच्या नोव्हेंबरात बिल गॉस्पर यांच्या गटाने दर तीस फेऱ्यांनी एक सरकती नक्षी बाहेर सोडणारी मांडणी शोधून बक्षीस घेतले. म्हणजे ज्याने नियम केला, त्यालाही आपल्या नियमाचा सगळा परिणाम ठाऊक नव्हता.

आणि म्हणूनच अमर्याद पटावर एक प्रश्न उभा राहतो. आवर्तकाल दोनचा आंदोलक आहे. तीनचा आहे, त्याला पल्सर म्हणतात आणि तो ४८ चिंचोक्यांनी मांडता येतो. पंधराचा आहे, तीसचा आहे. मग हवी ती संख्या सांगा, तेवढ्या फेऱ्यांचा आंदोलक आहे का? शिक्षक लगेच म्हणतील, दोनचा आणि तीनचा दूर-दूर ठेवले की सगळे चित्र सहा फेऱ्यांनी परत येईल, कारण दोन आणि तीनचा ल.सा.वि. सहा. विचार बरोबर आहे; पण गणिती एवढ्यावर समाधान मानत नाहीत. निदान एखादे घर तरी स्वतः पुऱ्या सहा फेऱ्यांच्या चक्रात फिरले पाहिजे, अशी त्यांची अट आहे.

या प्रश्नाला त्रेपन्न वर्षे लागली. १९९६ साली डेव्हिड बकिंगहॅम यांनी ६१ आणि त्यापुढच्या प्रत्येक संख्येसाठी रीत दाखवली. २०१३ मध्ये माइक प्लेल यांना सरकत्या नक्षीला काटकोनात वळवणारी एक स्थिर मांडणी सापडली आणि ती सीमा ४३ पर्यंत खाली आली. खालच्या संख्या एकेक करून शोधाव्या लागल्या. शेवटी १९ आणि ४१ या दोनच उरल्या. २०२३ साली त्याही सापडल्या; १९ चा आंदोलक मिचेल रायली यांना आणि ४१ चा निको ब्राउन यांना. आता कोणतीही पूर्ण संख्या सांगा, तेवढ्या आवर्तकालाचा आंदोलक आहे. या कामात संगणक राबले हे खरे, पण कुठे शोधायचे हे माणसांनी ठरवले, आणि वर्षानुवर्षे हौसेने शोधणाऱ्यांचा त्यात मोठा वाटा होता.

कोणी विचारील, याचा उपयोग काय? परीक्षेत हे येते का? मलाही एका शिक्षकमित्राने तसे विचारले होते. परीक्षेत येत नाही. पण बारकाईने मोजणे, नियम सगळ्यांना एकाच वेळी लावणे, दुसऱ्याचे तपासणे, आणि 'असे का' हा प्रश्न 'असे होते' याच्याही पुढे नेणे, या चार गोष्टी मूल ज्या खेळात शिकते, त्याला मी वाया गेलेला तास म्हणणार नाही. शिवाय इथे गुरुजींना उत्तर आधीपासून ठाऊक असतेच असे नाही. सातवीतली मुलगी एम. ए. झालेल्याची चूक काढू शकते, आणि त्याने ती वर्गासमोर मान्य करणे हाही एक धडाच असतो. माझ्यापुरते सांगायचे तर त्या दिवशी वर्गात सर्वांत जास्त मीच शिकलो.

तेव्हा शिक्षकांना एवढीच विनंती. पाच चिंचोके ओळीत ठेवले की काय होते, ते मी आज सांगून टाकले. तो माझा दोष. तुम्ही मुलांना सांगू नका. पट आखून द्या, नियम सांगा आणि बाजूला बसा. आठ चिंचोक्यांचे आणि नऊ चिंचोक्यांचे काय होते, ते मी मुद्दाम सांगितलेले नाही. ते मुलांनीच शोधावे.